इतवार धरत नाहीत

पळस फुलला की लोकांना आनंद होतो म्हणे. मी बोटांवर दिवस मोजायला लागते. नवा रायपूरला जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या बसमध्ये बाया खिडकीतून मोबाइल बाहेर काढतात, त्या रुंद रिकाम्या रस्त्याच्या कडेला पेटल्यासारख्या उभ्या झाडांचे फोटो घेतात आणि मला कोपरानं ढोसतात, "देखो दीदी, कितना सुंदर." मी मान डोलावते. मनात एवढंच येतं, की आला. राखेचा बुधवार आला, आता ईस्टरपर्यंत उपवासाचे चाळीस दिवस.

यंदा पळस दिसला त्या दिवशी घरी आल्यावर मी स्टूल घेतलं आणि भिंतीवरच्या क्रुसामागे वर्षभर खोचून ठेवलेली शिंदीची झावळी काढली. इकडे शिंदीला छिंद म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये हिरव्या झावळ्या हातात घेऊन आम्ही मिरवणूक काढतो. तो झावळ्यांचा रविवार, इकडच्या भाषेत खजूर इतवार. झावळी आशीर्वाद घेऊन घरी येते, क्रुसामागे जाते, आणि पुढल्या वर्षीच्या उपवासकाळापर्यंत तिथंच वाळत राहते. मग चर्चच्या दाराशी एक खोका ठेवतात. प्रत्येकानं आपल्या घरची झावळी त्यात आणून टाकायची. त्या सगळ्या जाळतात, राख चाळतात आणि बुधवारी कपाळावर तिचाच क्रूस काढतात. ही रीत मला मनापासून आवडते. कुठून तरी विकत आणलेली राख नाही. आपल्याच घरात, आपल्याच भिंतीवर राहून वर्षभर सगळं पाहिलेली.

खोक्याशी नेहमीच्या तिघी-चौघी उभ्या होत्या. "इस बार क्या परहेज?" हा दर वर्षीचा प्रश्न. एकीनं गोड सोडलं होतं, एकीनं मालिका, एकीनं मांस-मच्छी. सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, चहा. घरापर्यंत येताना माझी मलाच लाज वाटली. मला जे सोडायचं होतं ते चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. आदल्या रविवारी मी माझ्या बापाला मारलं होतं.

चापट नाही. चापट म्हणून मी आठ दिवस स्वतःला समजावलं, पण ती चापट नव्हती. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंग आणि खुर्ची. डोक्यातलंही बरंच पुसलं गेलंय. त्या रविवारी सकाळपासून तिसऱ्यांदा चादर ओली केली होती. मी त्यांना कुशीवर वळवून चादर ओढत होते आणि त्यांनी माझ्या मायचं नाव घेऊन, त्याच जुन्या आवाजात, तीच जुनी शिवी हासडली. "सुमन, रांडे, हात चालव." माय जाऊन सहा वर्षं झाली. माझा हात माझ्या आधी उठला. एकदा तोंडावर, आणि मग दंडावर, दोनदा, तीनदा, मुठीनं. आणि गंमत पाहा, मारताना मी त्यांना "अहो बाबा, गप्प बसा ना" असं अहो-जाहोच करत होते.

पहिल्यांदा नव्हतं हे. दिवाळीपासून चार-पाच वेळा झालं. दर वेळी रविवारीच. त्याचं कारण साधं आहे. सोमवार ते शनिवार सुकवारो नावाची बाई त्यांच्याजवळ असते, मी ऑफिसात असते. रविवारी सुकवारो येत नाही. समता कॉलोनीतल्या त्या दोन खोल्यांत मी आणि बाबा, दोघंच.

मी लग्न केलं नाही. का, ते पुढं येतंच आहे.

आमचे आजोबा अमरावतीकडचे. रेल्वेच्या कामाला म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, चर्चमध्ये हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, असं आमचं खिचडीचं आयुष्य. चर्चच्या हिंदीत उपवासकाळाला चालीसा म्हणतात, चाळीस दिवसांचा म्हणून. शाळेत मी एकदा ऐटीत सांगितलं होतं, "हमारा चालीसा शुरू हो गया," तर शेजारच्या बाकावरची म्हणाली, "अरे, तुम लोग भी पढ़ते हो? मुझे तो पूरा याद है," आणि तिनं तिथंच मला अर्धा हनुमान चालीसा म्हणून दाखवला. मी घरी येऊन मायला सांगितलं. माय पोट धरधरून हसली होती. मायला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं, म्हणून हे लक्षात आहे.

बाबांचे हात मोठे होते. कारखान्यातून आले की घासलेटानं धुवायचे, तरी नखांत काळं राहायचंच. त्या हातांत काय नव्हतं? आमच्या घरचा पाट, स्टूल, क्रुसाची लाकडी चौकट, सगळं त्यांनी केलेलं. आणि त्याच हातांनी मायला मारायचे. भात कच्चा राहिला म्हणून, भात मऊ झाला म्हणून. मला मारायचे, पण मायला जास्त. क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजारी मेश्रामकाकू राहायच्या, त्यांना सगळं ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी त्या हळदीचा डबा घेऊन यायच्या, काही न विचारता लेप लावायच्या आणि जायच्या. कारखान्यात मात्र बाबांचं नाव होतं. चर्चमध्ये त्याहून मोठं. झावळ्या जाळून राख करायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं होतं. घमेल्यात पानं जाळायची, मायच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून राख गाळायची, दोन थेंब तेल घालून मळायची. त्यांच्यासारखी मऊ राख कोणाच्याच हातून होत नाही, असं म्हातारे फादर म्हणायचे.

मी नववीत होते त्या वर्षी राखेच्या बुधवारी ते जेवायला बसले, कपाळावर काळा क्रूस, आणि म्हणाले, "यंदा मी हात सोडला."

मायला कळलं नाही. "कायचा हात?"

"चाळीस दिवस हात नाई उचलत. फादरले सांगून आलो."

माय पोळी लाटत होती. ती थांबली, मग पुन्हा लाटायला लागली. मला आजही ती पोळी आठवते, एका बाजूनं करपलेली. बाबांनी ती खाल्ली आणि काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, देव आहे. नववीतल्या मुलीला असं वाटायला एक करपलेली पोळी पुरते.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. बाबा रागावायचे, तोंड लाल व्हायचं, मूठ आवळली जायची आणि मग उजवा हात मांडीखाली दाबून त्यावर बसायचे. खरोखर बसायचे. भिंतीवर रेल्वेचं कॅलेंडर होतं, त्यावर झोपायच्या आधी शिसपेन्सिलीनं एक फुली मारायचे. शनिवारी माझ्या हातून त्यांचा चष्मा पडला, काच तडकली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्यांनी चष्मा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "इतवारी पाहीन."

मला वाटलं, रविवारी दुकानात जाऊन पाहतील.

रविवारी आम्ही मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, गेलो. येताना बाबांनी कोंबडी आणली, कारण रविवारी उपास नसतो. मायनं रस्सा केला. बाबा पोटभर जेवले, हात धुतले, पुसले. दाराची कडी लावली. आणि मग चष्म्याबद्दल मला, आणि गुरुवारच्या, शुक्रवारच्या, शनिवारच्या सगळ्या आठवणीत ठेवलेल्या चुकांबद्दल मायला. मी ओरडले, "बाबा, तुम्ही तं सोडलं ना?" तेव्हा दम खायला थांबून त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मते फार साधं होतं. "चाळिसात इतवार धरत नाहीत. विचार फादरले."

आणि ते खरं होतं. पंचाईत तीच. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा, सेहेचाळीस दिवस भरतात. मधले सहा रविवार चाळिसात धरत नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी हेच शिकवलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. बाबांनी एक शब्द चुकीचा वापरला नव्हता. सोमवारी मेश्रामकाकू हळद घेऊन आल्या तेव्हा मायनं त्यांना हे समजावून सांगितलं, जणू बाबांची बाजूच मांडत होती. काकू बौद्ध, त्यांना आमचं हे काही ठाऊक नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमचा देव इतवारी सुट्टीवर जाते काय वं?"

त्या वर्षीचे सहा रविवार माझ्या अंगात अजून आहेत. आधी मार कधीही पडायचा, त्यामुळं कधी तरी विसरायलाही व्हायचं. आता त्याला वार मिळाला होता. सोमवारी मीठ जास्त पडलं की माय म्हणायची, गेलं इतवारच्या खात्यात. मंगळवारी, बुधवारी बाबा हातावर बसून असायचे आणि आमच्याकडं पाहत असायचे. शांत, जवळजवळ प्रेमळ. "इतवारी पाहीन." शनिवारी मला ताप यायचा. खराच यायचा, अंग तापायचं. रविवारी मिस्सात सगळे 'शांती असो' म्हणत हात जोडून एकमेकांकडं वळायचे, तेव्हा बाबाही मायकडं वळून हात जोडायचे, आणि माय त्या जोडलेल्या हातांकडं पाहत राहायची. लोणचं मुरायला ठेवावं तसा त्यांनी राग ठेवला होता. सोडला कुठं होता?

आज पन्नाशी उलटल्यावर मला वाटतं, आम्ही बहुतेक सगळे असंच करतो. चहा सोडतो, म्हणजे ईस्टरच्या सकाळी आधणाशी उभे राहतो. सोडणं आणि ठेवून देणं यांत फरक आहे, आणि तो चाळीस दिवसांत कळत नाही, एक्केचाळिसाव्या दिवशी कळतो. बाबांना तेवढं थांबायचीही गरज पडली नाही, एवढंच.

सहावा रविवार खजूर इतवार. त्या दिवशी बाबा मोठी झावळी घेऊन मिरवणुकीत पुढं होते, मोठ्या गळ्यानं गात होते. शिंदीच्या झावळीला देठाकडं काटे असतात, दाभणासारखे लांब. लोक ते छाटून टाकतात. बाबांनी छाटले नव्हते, घरी गेल्यावर सावकाश छाटू म्हणाले. घरी आल्यावर मायनं रस्सा वाढला आणि तिच्या हातून वाटी कलंडली. सांडला किती, तर पळीभर. बाबांच्या हाताशी ती झावळीच होती.

कसं सांगू ते? पानांचा आवाज व्हायचा, सळसळ, सकाळी मिरवणुकीत झाला होता अगदी तसाच. माय कोपर वर करून, हनुवटी छातीत खुपसून बसली होती, तिची ती नेहमीची बैठक. देठाकडचा एक काटा तिच्या डाव्या कानातल्या रिंगेत अडकला आणि बाबांनी झावळी ओढली. पाळी चिरत गेली. मायनं आवाज केला नाही. आवाज मी केला. मेश्रामकाकूंनी बाहेरून उलथण्यानं दार बडवायला सुरुवात केली, "भाऊजी, दार खोला, नाई तं पुरा पारा, सारी गल्ली गोळा करीन मी." तेव्हा बाबा थांबले. झावळीकडं पाहिलं. पानं लाल झाली होती, सगळी नाही, देठाजवळची चार-सहा.

कान बरा झाला. पाळीची दोन टोकं मात्र जुळली नाहीत. पुढं सदर बाजारात आम्ही सोनाराकडं गेलो तेव्हा त्यानं भिंग लावून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाभी, इधर अब नहीं रुकेगा." माय मरेपर्यंत एकाच कानात रिंग घालायची. कोणी विचारलं तर म्हणायची, दुसरी हरवली.

त्या झावळीचं तिनं काय केलं असेल? पुसली नाही, धुतली नाही. तशीच क्रुसामागे खोचली. बाबा रोज सकाळी त्या क्रुसासमोर उभे राहून प्रार्थना करायचे, आणि वर्षभर ती झावळी त्यांच्या डोक्यावर वाळत राहिली. ते काढ म्हणाले नाहीत, तिनं काढली नाही. रक्त वाळून तपकिरी झालं, मग पानाच्याच रंगाचं झालं, पण आम्हा तिघांना ते कुठं आहे ते माहीत होतं.

पुढल्या वर्षी बुधवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, चर्चच्या आवारात बाबा घमेलं मांडून बसले होते. म्हातारे फादर खुर्चीत. लोक झावळ्या आणून टाकत होते. माय मला घेऊन गेली. तिनं ती झावळी खोक्यात टाकली नाही, सरळ फादरांच्या हातात दिली. मायचं हिंदी मोडकंतोडकं होतं, पण त्या दिवशी ती एक शब्द चुकली नाही. "फादर, इसमें मेरा खून लगा है. जलाएँगे तो सबके माथे पे जाएगा. चलेगा क्या?"

बाबांच्या हातात काडेपेटी होती. फादरांनी झावळी उलटसुलट करून पाहिली, मायचा कान पाहिला, मग बाबांकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, आता. आता हा म्हातारा काही तरी करेल. फादर म्हणाले, "चलेगा, सुमन. राख इसी की बनती है." आणि झावळी बाबांच्या हातात दिली. "जलाओ."

मला त्या फादरांचा एवढा संताप आला होता की मी घरी येताना रस्त्यावरचे दगड लाथाडत आले. आजही तो अर्धा शिल्लक आहे. माझ्या मायचं रक्त तुमच्या राखेला चालतं, तर माझ्या मायच्या पाठीशी उभं राहायला काय झालं होतं? पण उरलेल्या अर्ध्यात मला आता असंही दिसतं, की त्या दिवशी तेवढं एकच खरं वाक्य बोललं गेलं. राख कशाची बनते? आपण देवापुढं नाचवलेल्या हिरव्या पानांची, हे अर्धंच. त्या पानांनी नंतर आपण काय केलं, त्याचीही. बुधवारी फादरांनी बाबांच्या कपाळावर अंगठा असा दाबला की त्यांची मान मागं गेली, मागचा माणूस सरकला. माझ्या कपाळावर क्रूस काढला तेव्हा मला भाजल्यासारखं झालं. मायनं मात्र शांतपणे कपाळ पुढं केलं आणि दिवसभर पुसलं नाही.

त्यानंतर बाबांनी राख करायचं काम सोडलं. मारणं सोडलं नाही. ते पुढं वयानं सोडवलं. देवाच्या नावानं सगळं गोड करून सांगायची मला सवय नाही, जे झालं ते हे.

आणि आता हे मी. या मंगळवारी मी पापनिवेदनाला गेले. नवे फादर तरुण आहेत, गोड बोलतात. मी म्हटलं, मी वडिलांवर हात उचलते. ते म्हणाले, बुज़ुर्गों की सेवा में थकान तो होती है, बेटी, चिड़चिड़ हो जाती है. बेटी म्हणाले, माझ्या निम्म्या वयाचे. मी म्हटलं, "थकान नहीं, फादर. मारती हूँ. मुट्ठी से. इतवार को." जाळीपलीकडून त्यांनी अगदी हळू विचारलं, "इतवार को ही क्यों?" मला बाई येत नाही हे सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच आलं. मी म्हटलं, "इतवार धरत नाहीत ना." मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं नाही. मला कळलं.

बुधवारी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी चर्चला गेले. कपाळाला राख घेतली आणि आजाऱ्यासाठी म्हणून कागदाच्या पुडीत थोडी मागून घेतली. घरी आले तर सुकवारो निघायच्या तयारीत चपला घालत होती. मी तिला थांबवलं. म्हटलं, सुकवारो, मला तुला एक सांगायचंय, रविवारी बाबांना मी... ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मोला पता हे दीदी. नील दिखथे." सोमवारी अंघोळ तीच घालते. काळेनिळे वळ तिला दिसणारच. इतके दिवस ती ते पाहून तेल लावत होती आणि संध्याकाळी मला, चलती हूँ दीदी, म्हणून जात होती. मेश्रामकाकूंच्या हळदीच्या डब्यासारखंच. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी विचारलं, तू रविवारी येशील का, थोडा वेळ? ती म्हणाली, पहिला एक रविवार नाही जमणार, घरी पाहुणे आहेत, पुढच्यापासून दुपारी येईन. हव, म्हणजे हो, म्हणाली आणि गेली.

बाबा खुर्चीत होते. मी पुडी उघडली, राखेत अंगठा बुडवला आणि त्यांच्या कपाळाकडं हात नेला. त्यांनी झटक्यात मान मागं घेतली. कोपर वर, हनुवटी छातीत. मायची बैठक. कोपराआडून त्यांनी विचारलं, "आज इतवार हाये काय?"

माझा अंगठा तसाच हवेत. "नाही बाबा. बुधवार."

"पक्कं बुधवार?"

"पक्कं."

मग त्यांनी कोपर खाली घेतलं, हळूहळू, आणि लेकरानं द्यावं तसं कपाळ पुढं दिलं. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोचं मरण आठवत नाही, त्याला माराचा वार बरोबर लक्षात होता. मी क्रूस काढला. माती आहोत आणि मातीत जायचंय, हे तेव्हा म्हणायचं असतं. मला म्हणता आलं नाही. त्यांना ते सांगायची गरज नव्हती आणि मला सांगणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

रविवार का धरत नाहीत, ते मी पुन्हा विचारून घेतलं, इतक्या वर्षांनी. प्रत्येक रविवार म्हणजे लहानसं ईस्टर असतं. कितीही मोठा शोक असो, त्या दिवशी उपास करायचा नाही, कारण क्रुसावर मेलेला पुन्हा उठला, हे तेवढ्या वेळ तरी विसरायचं नाही. दया म्हणून सोडलेली ती जागा होती, घराला खिडकी असते तशी. बाबा त्या खिडकीतून हात घालून आत आले. आणि मी, मी तर दारानंच आले. चाळीस दिवसांच्या सुरुवातीचा अर्थ काय, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की ज्या दिवशी आपलं कोणी धरत नाही, त्या दिवशी आपण कोण असतो ते पाहायला सुरुवात करायची. बाकीचे दिवस सोपे असतात.

मग तो रविवार आला. मिस्सा टाळून मी घरीच राहिले. सकाळ बरी गेली. दुपारी वरण-भात कालवून ताट त्यांच्यापुढं ठेवलं. दोन घास घेतले आणि तिसऱ्याला काय झालं कोण जाणे, त्यांनी हातानं ताट उडवलं. वरण माझ्या पायावर आलं, कढत. मी ओरडले. हात वर गेला होता, मूठ वळली होती, खांद्यात ती ओळखीची उष्ण कळ आली होती, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

बाबांनी कोपर वर घेतलं. डोळे मिटले. वाट पाहिली. मग कोपराआडून, तक्रार नाही, रडणं नाही, आपल्याला ठाऊक असलेला नियम दुसऱ्याला सांगावा तसं म्हणाले, "मार. आज धरत नाहीत."

"मी धरते, बाबा," मी म्हटलं.

हात खाली यायला वेळ लागला. तो आला तेव्हा मी त्या हातानं त्यांचं कोपर धरलं आणि सावकाश खाली घेतलं. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि खरं तर माझाही नाही. मी फडकं आणलं आणि फरशीवरचं वरण पुसायला बसले. अजून पाच रविवार होते.